एकदंत आणि आपली दाढ

खालापूर तालुक्यातल्या महडचा वरदविनायक एकदंत. त्याचा मोडलेला दात पुराणांनी पुन्हा बसवला नाही. उणीव हीच त्याची ओळख ठरली. मग परदेशी स्थायिक झालेली मराठी मंडळी सुट्टीत मुंबई-पुण्याला येऊन दाढा भरून घेतात, कॅप बसवतात, ते देहाचे फाजील लाड म्हणायचे का? नाही. अमेरिकेत ज्येष्ठांच्या मूळ मेडिकेअर योजनेतही नेहमीचे दंतोपचार सहसा बसत नाहीत. तिथला खर्च झेपत नसेल, तर विमानाचं तिकीट काढण्यात शहाणपणच आहे. देह नश्वर, त्याची एवढी डागडुजी कशाला, असं कोणी म्हणेल. पण नश्वर म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, आणि ठणकत्या दाढेने नामस्मरणातही लक्ष लागत नाही.

मर्यादा आहे ती वेगळीच. कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो आणि गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. किडून पोखरलेल्या दाढेला कॅप हा आधार. पण तुर्कस्तानात जाऊन काही ब्रिटिश तरुण करतात तसं, निव्वळ चकाकीसाठी निरोगी दात तासणं ही स्वतःवरची हिंसाच. पाहुण्यांच्या पैशाने इथले दर चढतील आणि गरिबाला दाढ उपटूनच मोकळं व्हावं लागेल, हा आक्षेप जड आहे. पण त्याचं उत्तर सरकारी दवाखान्यात दंतवैद्य आणि साहित्य पुरवणं हे आहे, दुखणाऱ्या प्रवाशाला अडवणं नव्हे. तेव्हा गरज असेल तर जरूर या. फक्त आठवड्यात सगळं उरकायची घाई करू नका. परतल्यावर कॅप टोचू लागली, तर डॉक्टर साता समुद्रापार असतो.