समाचार आणि भेट

आजारी माणसाकडे जाण्याला आपल्या भाषेत समाचाराला जाणे म्हणतात, आणि धडधाकट माणसाकडे जाण्याला भेटीला जाणे. हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. भेटीत उभय पक्ष बरोबरीचे असतात. आज आपण त्यांच्याकडे, उद्या ते आपल्याकडे. समाचारात एक जण अंथरुणावर आणि दुसरा खुर्चीवर असतो, आणि परतफेडीची अपेक्षा कोणी करीत नाही. मग ज्याचे दुखणे वर्षानुवर्षे चालावयाचे, त्याने दुसऱ्याच्या भेटीस जाण्याचा आपला अधिकार कायमचा सोडून द्यावा काय?

कर्करोगाच्या बाबतीत पूर्वी हा प्रश्न क्वचितच उद्भवे. रोग उशिरा कळे, आणि कळल्यावर काळ थोडा उरे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेव्हापासून शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांत जी प्रगती झाली, तिच्यामुळे आज पुष्कळ माणसे हा रोग अंगात वागवीत वर्षेच्या वर्षे काढतात. रोग गेलेला नसतो, तसा मनुष्यही गेलेला नसतो. या मधल्या मुलुखात आम्हीही गेली तीन वर्षे वस्तीस आहोत, म्हणून दोन शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

आमची थोरली बहीण शिरवळास असते. पुण्याहून अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. कात्रजचा डोंगर मागे टाकावा, सारोळ्यानंतर नीरेचा पूल ओलांडावा, की सातारा जिल्हा लागतो आणि शिरवळ येते. एवढ्याशा प्रवासासाठी आमच्या घरी जी खलबते चालतात, तेवढी एखाद्या मोहिमेच्या आधीही चालली नसतील. वैद्यकशास्त्राच्या अटी खरोखर थोड्या आहेत. औषधाच्या फेरीनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी होतात, तेव्हा गर्दी टाळावी, पुढच्या फेरीआधीचे दिवस बहुधा सोयीचे, ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे. उपचाराचे कागद जवळ असावेत. डॉक्टर एवढे सांगून थांबतात. हरकत घेतात ते आप्त. "तू कशाला दगदग करतोस? आम्हीच येऊ की!" हे वाक्य मायेचे आहे, यात संशय नाही. परंतु त्यात रोग्याला घेणारा म्हणूनच जागा आहे. तो काही देऊ शकेल, ही कल्पनाच बोलणाऱ्याच्या मनात नसते.

रेल्वे कर्करोग्यास भाड्यात मोठी सवलत देते, पण ती उपचारासाठी वा तपासणीसाठी जाण्यायेण्यापुरती. सरकारी हिशेबात हे योग्यच आहे, (शिरवळास रेल्वे नाही, तेव्हा आमचा त्यात स्वार्थही नाही). पण हाच नियम घरोघरी लागू होतो, हे चमत्कारिक खरे. रुग्णालयाकडे जाण्याचे कष्ट आवश्यक, आणि बहिणीकडे जाण्याचे कष्ट म्हणजे हट्ट! जगण्यासाठी उपचार घ्यावयाचे, आणि ज्यासाठी जगावयाचे ते मात्र बरे झाल्यावर पाहू म्हणावयाचे, हा क्रम ज्याच्याजवळ काळ अमाप आहे त्यालाच परवडतो.

यजमानाची बाजूही आहे, आणि ती हलकी नाही. पाहुणा रात्री अत्यवस्थ झाला तर धावपळ कोणी करावी? म्हणून आमचे मत असे की, रोग्याने आपली स्थिती लपवून कोणाच्या दारी जाऊ नये. सगळे स्पष्ट सांगावे, विचारावे, आणि नकार आल्यास रागावू नये. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या 'ये' म्हणण्यालाही अर्थ उरत नाही.

भाऊबीजेला भावानेच बहिणीकडे जावयाचे असते. त्या द्वितीयेला यमच यमुनेच्या घरी जेवावयास गेला अशी कथा आहे. तेव्हा त्या दिवशी आम्ही घराबाहेर पडण्यास कोणाची हरकत असू नये, असे आम्ही विनोदाने म्हणालो. घरात कोणी हसले नाही. बहिणीस मात्र फोन करून पांढऱ्या पेशींसकट सर्व हकिकत सांगितली. ती म्हणाली, "दोन दिवस विचार करून सांगते." तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला: नातवाला ताप आहे, तो उतरल्यावर आठ दिवसांनी ये, आणि येताना चितळ्यांची बाकरवडी आण, गेल्या खेपेस विसरलास. आम्ही भाऊबीज आठ दिवसांनी केली.