खोली बघितलीस, जहाज कुठं बघितलंस?

मोबाइल खाली ठेव आणि ऐक. तो फोटो मी बघितला. पांढरी चादर, चादरीवर टॉवेलचा हंस, पलीकडे बाल्कनी आणि बाल्कनीपलीकडे निळं पाणी. सगळ्या करकंबला दाखवून झाला असेल. स्टँडवरच्या चहाच्या गाड्यापासून सोसायटीच्या पायरीपर्यंत जो भेटेल तो मला सांगतोय, ‘गुरुजी, तुमचा विद्यार्थी आईला घेऊन बोटीनं गोव्याला निघाला.’ मला कौतुक वाटलं. मग तू बुकिंगचा कागद माझ्यासमोर ठेवलास आणि कौतुक तिथंच संपलं.

काय घेतलंयस हे? तुझ्यासाठी, बायकोसाठी आणि पोरासाठी केबिनचा सर्वांत वरचा मजला, अगदी पुढचं टोक. म्हणे, ‘व्ह्यू एक नंबर आहे.’ आणि आईसाठी व पोरीसाठी दुसरी केबिन पार तळाला, मागच्या टोकाला, बिनखिडकीची. का? तर स्वस्तात बसली. पाच माणसांचं घर तू जहाजाच्या दोन सर्वांत वाईट कोपऱ्यांत नेऊन टाकलंस आणि वर पैसे मोजायला निघालास. लेका, ठरवून शोधली असतीस तरी इतकी चुकीची जागा सापडली नसती.

रानात बोअर घ्यायचं होतं तेव्हा तू दोन पाणाडे आणलेस, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं ते विचारत हिंडलास. बेदाणा पंढरपूरच्या सौद्यात घालू की तासगावला नेऊ, यासाठी फोनवर फोन केलेस. आणि गुडघे दुखणाऱ्या आईला समुद्रावर झोपवायचं, तर एजंटला एकच प्रश्न विचारलास. ‘डिस्काउंट किती?’ बेदाण्याचे पैसे तुझे, ते कसे उडवायचे ते तू बघ. मला राग येतो तो मी शिकवलेलं गणित वाया गेलं याचा.

घे कागद. साइन थीटा आठवतो का? परीक्षेपुरता होता म्हणू नकोस, आज त्याचं काम पडलंय.

लाट लागली की जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. एक, नाळ म्हणजे पुढचं टोक वर जातं आणि पिछाडी खाली, मग उलट. दुसरं, ते डाव्या-उजव्या कुशीवर कलतं. मुंबईहून 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सफरी करतंय. 1990 साली फ्रान्समधल्या सेंट-नझेरच्या गोदीत बांधलेलं, लांबी सुमारे 211 मीटर. तुझं जहाज त्याच मापाचं धरू. म्हणजे मध्यापासून नाळ ढोबळमानानं शंभर मीटर. आता त्याला दोनच अंशांचा कल दे. दोन अंशांत टेबलावरचा चहाही सांडत नाही. साइन दोन अंश म्हणजे 0.035. शंभरानं गुण. साडेतीन मीटर. तुझा पलंग साडेतीन मीटर वर जाणार आणि मग मूळ जागेपासून तेवढाच खाली. एकूण सात मीटर, म्हणजे दोन मजली घराची उंची, दर काही सेकंदांनी, रात्रभर. आता मध्यापासून पंधरा मीटरवरच्या केबिनचा हिशेब कर. जेमतेम अर्धा मीटर वर आणि अर्धा मीटर खाली. लाट तीच, जहाज तेच.

कुशीवर कलण्याचाही करून टाक. पाच अंश कल धर. कलण्याच्या आसापासून वीस मीटर उंचावरचा पलंग एका बाजूला पावणेदोन मीटर सरकतो; पाच मीटर उंचावरचा 44 सेंटिमीटर. म्हणून जागा खालची आणि मधली. हे सांगायला कप्तान लागत नाही, दहावीचं पुस्तक पुरतं.

आणि हे तुला कळत नव्हतं असंही नाही. पंढरपूरहून येताना एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून तू कुठली सीट धरायचास? मधली. शेवटच्या बाकावरचा माणूस खड्ड्याला कसा उडतो हे तुला पाचवीतच ठाऊक होतं. मग समुद्र म्हटल्यावर अक्कल कुठं गेली?

एजंट म्हणाला, जहाजाला स्टॅबिलायझर आहेत. असतील. पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात, ते कुशीवर कलणं बरंचसं आवरतात. नाळेचं वर-खाली होणं मात्र त्यांच्या हातात नाही. शिवाय पंखावरून पाणी वेगानं वाहिलं तरच त्यांना जोर येतो. जहाज रेंगाळलं की तो जोरही गेला. अर्धं सत्य सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायचा असतो, आणि तोच तू विचारला नाहीस.

सूनबाईनं मला हळूच विचारलं, बोट उलटत तर नाही ना? तिच्या प्रश्नाला मी हसणार नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, हे मीही लहानपणी ऐकत आलो. पण ती किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी छोटी आगबोट, महिना जुलैचा आणि वर माणसांची खेचाखेच. तिला सांग, जहाज सावकाश कलून सावकाश सरळ होतं ते घाबरण्यासारखं नाही. जे जहाज गरजेपेक्षा ताठ असतं ते झटके देत सरळ होतं आणि माणसं पडतात ती त्या झटक्यांनी. प्रवासी जहाज मुद्दाम जरा मऊ चालीचं बांधतात. डोलणं राहणारच, आपण फक्त आपल्या वाट्याला ते कमीत कमी येईल असं बघायचं.

तारखेचंही तसंच. मेचा शेवटचा आठवडा कुणी सुचवला? तौक्ते वादळ विसरलास? 17 मे 2021. मुंबईच्या बाजूनं ते वर सरकलं तेव्हा बॉम्बे हायजवळ पी-305 हा बार्ज बुडाला, सत्तरहून जास्त कामगार गेले. प्रवासी जहाज अशा हवेत सोडणार नाहीत, सफर रद्द होईल, हे मान्य. पण वादळ नसलं तरी मे संपत आला की दर्या उठायला लागतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी बाहेर काढत नाही, ते उगाच का? नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र सर्वांत शांत. त्या दिवसांत तुझी बाग तुला सोडत नाही हे मला माहीत आहे. मग पोरांच्या परीक्षा संपल्यावर लगेच, एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला आठवडा घे. आठवड्याच्या मधले दिवस मिळाले तर आणखी बरं. शनिवार-रविवारच्या दोन रात्रींच्या सफरीला निम्मी माणसं नाचायला आलेली असतात. त्यांनी नाचावं, त्यांचेही पैसे आहेत. पण पहाटे दोनला ती माणसं बोळातून मोठमोठ्यानं बोलत परततात आणि दरवाजा तुझा असतो.

आता आवाजाचं. इथं तू शून्य मार्क मिळवलेस.

पोहण्याचा तलाव कुठल्या मजल्यावर आहे? माहीत नाही. तुझ्या वरच्या केबिनच्या डोक्यावर काय आहे? माहीत नाही. मी कागद उलटून नकाशा बघितला. तुझ्या डोक्यावर तलावाचा मजला आहे. पहाटे सफाईवाले तो मजला धुणार, लोखंडी खुर्च्या ओढत रांगेत लावणार आणि तू छताकडे बघत पडणार. संध्याकाळी तिथंच डीजे. नाळेजवळच्या खालच्या मजल्यांवर वेगळी तऱ्हा. बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवायला नाळेच्या पोटात बसवलेले पंखे सुरू होतात, आणि नांगर टाकला तर त्याची साखळी. दोन्ही बहुधा भल्या पहाटे, कारण जहाजं पहाटे बंदराला लागतात. आईला जिथं टाकलंस तिथं, पिछाडीला तळाशी, इंजिन आणि पंख्याची घरघर. पेल्यातलं पाणी थरथरतं. ती बिचारी तुला काही सांगणार नाही, ‘छान झोप लागली बाळा’ म्हणेल. म्हणून तर मी बोलतोय.

शांत केबिन ओळखायची खूण एकच. वरच्या मजल्यावर केबिन, खालच्या मजल्यावर केबिन, दोन्ही बाजूंना केबिन. झोपणाऱ्या माणसांच्या मधोमध झोपायचं. वर स्वयंपाकघर किंवा बुफे असेल तर पहाटेपासून ढकलगाड्या घरंगळतात. खाली नाट्यगृह किंवा नाचघर असेल तर ढोलाचा ठोका फरशीतून पलंगात येतो, त्याला दार बंद करून उपयोग नाही. नकाशावर जिथं कोरी पांढरी जागा सोडलेली दिसते, ती जागा मोकळी नसते. तिथं नोकरांच्या खोल्या, भांड्यांचं कोठार, धुण्याचे कपडे असं काहीतरी असतं. तिच्याशेजारी जायचं नाही. हे नकाशे कंपनीच्या वेबसाइटवर मजल्यागणिक असतात, फुकट असतात. एक मजला, त्याच्यावरचा आणि त्याच्याखालचा, तिन्ही शेजारी ठेवून बघायचे. तू एकही उघडला नाहीस.

लिफ्टजवळ घेऊ का म्हणून विचारलंस, कारण आईचे गुडघे. विचार बरोबर, उत्तर अर्धवट. अगदी लिफ्टला लागून घेतलीस तर रात्रभर घंटी आणि गप्पा. पार लांब घेतलीस तर दोनशे मीटरच्या जहाजात प्रत्येक जेवणाला तिची पायपीट. सहा-सात दरवाजे सोडून घे. न्हाणीघराच्या दाराशी अनेक जहाजांवर उंच उंबरठा असतो, तेही विचारून ठेव. तिला रात्री उठावं लागतं.

आणि बिनखिडकीची केबिन आईला? तिला गाडी लागते, तिला बोट लागणार नाही होय? एलिफंटाच्या लाँचमध्ये तिचं काय झालं होतं ते तूच मला सांगितलंस. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी नळ्यांची रचना असते. ती म्हणते, हलतंय. बंद खोलीतले डोळे म्हणतात, सगळं स्थिर आहे. मेंदूला काही पटत नाही आणि पोटात कालवतं. खिडकीतून क्षितिजाची आडवी रेघ दिसली की डोळे आणि कान एकमताला येतात. तेव्हा तिला बिनखिडकीची नाही, तशीच चौदा हजारांनी महाग बाल्कनीही नको. खालच्या मजल्यावरची, मधली, साध्या बंद खिडकीची. अॅव्होमिनची गोळी घेऊ का हे मला विचारू नकोस. तिला रक्तदाबाचं औषध चालू आहे, डॉक्टरला विचार.

तुम्हा तिघांनी तिच्याशेजारचीच घ्या. मधलं दार असलेल्या दोन केबिन मिळतात, नकाशावर त्यांना छोटी खूण असते. घरच्या माणसांसाठी ते दार वरदान आहे. पलीकडे अनोळखी कुटुंब असेल तर तेच दार पातळ पडदा आहे, त्यांच्या खोकल्यापर्यंत सगळं ऐकू येतं. म्हणून एकतर दोन्ही बाजू आपल्या, नाहीतर दार असलेली केबिन नकोच. पोरगा वरच्या बर्थवर झोपेल, भिंतीतून खाली उघडतो तो. खिडकीबाहेर जीवनौका टांगलेली असली तर भाडं उतरतं, कारण फोटोत समुद्र येत नाही. तुमच्या केबिनला ते चालेल. आईच्या नको, तिला क्षितिज हवंय.

दोन केबिन आठ मजल्यांच्या अंतरानं ठेवल्यास ना, त्याचा आणखी एक अर्थ तुझ्या ध्यानात आला नाही. 1912 ला टायटॅनिक बुडाल्यावर 1914 मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हापासून नियम वाढत आले. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याला कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर गेली, 32 माणसं दगावली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. आता ती जहाज सुटतानाच घेतात. भोंगा वाजला की ठरलेल्या जागी जमायचं, आणि लिफ्ट वापरायची नाही. तू वरच्या टोकाला, आई तळाच्या मागच्या टोकाला, मधे जिने. तेव्हा कोण कुणाला आणणार होतं? जमण्याचा मजला कुठला ते विचार आणि दोन्ही केबिन त्याच्या दोन-तीन मजल्यांत बसव.

‘गॅरंटी’ भाडं मात्र चुकूनही घेऊ नकोस, ते सर्वांत स्वस्त असतं आणि तुझा हात तिकडेच जाईल. खोली मिळेल एवढीच ती गॅरंटी. कुठली मिळेल ते कंपनी शेवटी ठरवते. एकटा जाणारा असशील तर खुशाल घे.

तुझ्या कागदावर लिहिलंय की शुक्रवारपर्यंत बदल विनाशुल्क. आज बुधवार. उद्या सकाळी एजंटला फोन कर आणि केबिनचा प्रकार नको, केबिनचा नंबर माग. नंबर मिळाला की नकाशावर त्याच्याभोवती गोल कर. वर काय, खाली काय, डावीकडे काय, उजवीकडे काय, हे चारही बाजूंना स्वतःच्या हातानं लिही आणि संध्याकाळी मला आणून दाखव. त्याआधी एक पैसा भरायचा नाही. आणि घरी गेल्यावर आईला विचार, तिला जायचंय का. ते अजून कुणीच विचारलेलं नाही.