ऋण कोणी फेडले?

१९८९ साली उत्तम शुक्रवार २४ मार्चला आला होता. त्या दिवशी मध्यरात्र उलटताच ‘एक्झॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज अलास्कातील प्रिन्स विल्यम आखातात खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर खनिज तेल समुद्रात सांडले.

किनाऱ्यावरील गोटे धुऊन निघेनात. तेव्हा शास्त्रज्ञ जीवाणूंकडे वळले. ते बाहेरून आणावे लागले नाहीत. त्याच वाळूत ते पूर्वीपासून राहत होते व तेलावर जगण्याची शक्ती त्यांच्या ठायी होती. उणीव होती ती नत्र व स्फुरद यांची. म्हणून किनाऱ्यांवर खत शिंपडण्यात आले, आणि कित्येक ठिकाणी विघटनाचा वेग दुपटीहून वाढला. शेतकरी पिकाला देतो तेच त्यांना दिले. पुढचे काम त्यांनी निमूटपणे केले. दूषित भूजलासाठीही आज हीच रीत अवलंबिली जाते. शिसे, पारा यांपुढे मात्र जीवाणूंचा इलाज चालत नाही. मूलद्रव्याचे विघटन होत नाही. फार तर त्याचे रूप पालटते.

येथे एक प्रश्न मनाला टोचतो. माती स्वच्छ झाली म्हणजे ती नासविणाऱ्याचे ऋण फिटले काय? फिटले असे मानण्याकडे आपला कल असतो, कारण ते सोयीचे आहे. मला ते पटत नाही. जखम भरून येणे हा शरीराचा गुण. वार करणाऱ्याचे ते पुण्य नव्हे. जक्कयाला पश्चात्ताप झाला तेव्हा काळ सारे भरून काढील असे तो म्हणाला नाही. त्याने चौपट परत करण्याचे वचन दिले.

कंपनीने सफाईवर २ अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु १९९४ साली ज्यूरीने ठोठावलेला ५ अब्ज डॉलरचा दंड अपिलांमागून अपिले होत २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५० कोटी ७५ लाखांवर आणला. तोवर फिर्याद करणारे कित्येक मच्छीमार निवर्तले होते.

आणि ते किनारे? २००१ साली शासकीय शास्त्रज्ञांनी ९१ ठिकाणी मिळून सुमारे ९,००० खड्डे खणले. निम्म्याहून अधिक ठिकाणी तेल आढळले. गोट्यांखाली, जेथे प्राणवायू पोहोचत नाही व म्हणून जीवाणूंचेही काही चालत नाही, तेथे ते अजून ओलेच होते.