पुन्हा विचारावं, पण सावकाशीनं

फोंडा, गोवा

चि. रेवास,


ब्रिटनने युरोपीय संघात परत जावं का, यावर पुन्हा सार्वमत घ्यावं आणि तेही याच वर्षी घ्यावं, असं तुझ्या बरोबरीच्या मुलांचं म्हणणं आहे, त्यासाठी सह्या गोळा करताहेत, तर आबा तुम्हाला काय वाटतं, असं तू विचारलंस. वाचून फार बरं वाटलं गं. ज्या देशात तू नुसती शिकायला गेलीस, त्या देशाच्या दुखण्याचीही तुला काळजी वाटते, हे आपल्या घराला शोभेसंच आहे. तुझ्या हेतूबद्दल मला शंका नाही, तुझ्या मैत्रिणींच्याही नाही. मन घोटाळलं ते फक्त त्या घाईपाशी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तूही हे पत्र धावतपळत बसमध्ये वाचू नकोस, चहा करून घे नि मग वाच.

लोकांना एकदा विचारलं, त्यांनी सांगितलं, आता पुन्हा विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला त्या वेळच्या युरोपीय आर्थिक समुदायात गेलं, आणि ५ जून १९७५ ला हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने लोकांना विचारलं की राहायचं की निघायचं. शंभरातल्या सदुसष्टांनी राहायचं म्हणून सांगितलं. तोच कौल कायमचा मानला असता तर २३ जून २०१६ चं सार्वमत झालंच नसतं. म्हणजे बाहेर पडणाऱ्यांना मिळालेला कौल हाही एका अर्थी दुसऱ्यांदा विचारून मिळालेला. पण बाळा, त्या दोन्हींच्या मध्ये एक्केचाळीस वर्षं गेली होती, तेव्हाची तरुण मुलं आजी-आजोबा झाली होती, नऊ देशांचा समुदाय अठ्ठावीस देशांचा संघ झाला होता. विचारायची गोष्टच बदलली होती, म्हणून पुन्हा विचारणं रास्त होतं.

२०१६ चे आकडे तुला पाठ असतील, तरी म्हातारा माणूस म्हणून पुन्हा सांगतो, ऐकून घे. बाहेर पडायला ५१.९ टक्के, राहायला ४८.१; एकीकडे सुमारे १ कोटी ७४ लाख माणसं, दुसरीकडे १ कोटी ६१ लाख. तुझ्या लीड्समध्ये तर राहू म्हणणारे ५०.३ आणि निघू म्हणणारे ४९.७. त्या वेळी बसमध्ये तुझ्या शेजारी जो कुणी बसला असता तो या बाजूचा की त्या, हे ओळखता आलं नसतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड राहू म्हणाले, इंग्लंड आणि वेल्स निघू म्हणाले. मतदानानंतरच्या पाहण्यांत पंचविशीच्या आतली मुलं बहुतेक राहण्याच्या बाजूची आणि पासष्टीपुढची माणसं बहुतेक निघण्याच्या बाजूची दिसली, म्हणूनच तुझी मैत्रीण म्हणते की म्हाताऱ्यांनी आमचं आयुष्य ठरवून टाकलं. तिचा राग मला कळतो. तिला माझ्याकडून एवढंच सांग की त्या म्हाताऱ्यांपैकी पुष्कळांनी १९७५ ला राहायचं म्हणून मत दिलं असेल, तर मधल्या काळात त्यांचं मन का फिरलं हे त्यांच्याजवळ बसून एकदा विचार.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगतो. आपल्याकडे देवळात पाकळ्या लावून कौल घेतात, ते तू लहानपणी पाहिलं आहेस. जाणता माणूस आधी गाऱ्हाणं असं नीट मांडतो की उजवीकडची पाकळी पडली तर काय करायचं आणि डावीकडची पडली तर काय, हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आणि एकदा पाकळी पडली की मनासारखी नाही म्हणून तोच प्रश्न त्याच पावली कुणी पुन्हा लावत नाही. ब्रिटनने या दोन्ही बाबतींत उतावीळपणा केला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी विचारलं की राहायचं की निघायचं. राहायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. निघायचं म्हणजे कसं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. युरोपची एकच बाजारपेठ सोडायची का, जकात संघ सोडायचा का, आयर्लंड बेटावर दोन देशांमध्ये जी सुमारे पाचशे किलोमीटरची मोकळी सीमा आहे तिचं काय करायचं, यातलं काही मतपत्रिकेवर नव्हतं. ज्याने त्याने आपल्या मनातलं निघणं धरून मत दिलं.

त्याचा परिणाम पुढे संसदेत दिसला. त्यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपशी बोलून करार आणला, तर १५ जानेवारी २०१९ ला तो २०२ विरुद्ध ४३२ असा फेटाळला गेला. ब्रिटनच्या आधुनिक इतिहासात कुठल्याही सरकारचा सभागृहात एवढ्या फरकाने पराभव झाला नव्हता. मार्चमध्ये खासदारांपुढे आठ पर्याय ठेवले, एकालाही बहुमत मिळालं नाही. १ एप्रिलला पुन्हा मतं घेतली तेव्हा जकात संघात राहायचा पर्याय तीन मतांनी पडला, आणि जो करार होईल तो लोकांपुढे ठेवून त्यांची संमती घ्यावी हा ठराव २८० विरुद्ध २९२ असा बारा मतांनी पडला. बारा मतं गं! माझ्या मते तो ठराव रास्त होता, कारण आता हातात लिहिलेला कागद होता आणि लोकांना तो वाचून हो किंवा नाही म्हणता आलं असतं. पण बाहेर पडू म्हणणाऱ्यांना त्याचा संशय आला आणि त्यांच्या संशयालाही जागा होती. असा दुसरा टप्पा येईल, हे २०१६ ला मतदानाआधी कुणी सांगितलंच नव्हतं. निकाल लागल्यावर हरलेल्यांनी नवा नियम मागितला की जिंकलेल्याला ती फसवणूकच वाटते.

आणि हे दोन्ही बाजूंचं असतं, हे विसरू नकोस. निकालाच्या महिनाभर आधी निघण्याच्या बाजूचे पुढारी नायजेल फराज यांनी स्वतःच म्हटलं होतं की राहणारे ५२ विरुद्ध ४८ असे जिंकले तर विषय संपणार नाही. दुसरं सार्वमत घ्या म्हणणारा जो अर्ज २०१६ ला गाजला, ज्यावर एकेचाळीस लाखांवर सह्या झाल्या, तो मुळात निघण्याच्या बाजूच्याच एका माणसाने, आपण हरू या भीतीने, मतदानाआधी मांडला होता. निकाल उलटा लागला आणि सह्या दुसऱ्यांच्या झाल्या. माणसाचं मन असं असतं, त्यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही, पण म्हणूनच नियम आधी ठरवावा लागतो.

न्यूझीलंडने तसं केलं होतं. मतदानाची पद्धत बदलायची का, हे त्यांनी १९९२ मध्ये विचारलं, बदल हवा असेल तर कुठला हेही विचारलं, आणि पुढच्या वर्षी, जुनी पद्धत नि निवडलेली नवी पद्धत समोरासमोर ठेवून, शेवटचा निर्णय घेतला. दोन टप्पे आहेत हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं. २०११ ला पुन्हा विचारलं, लोक म्हणाले आहे तेच बरं. डेन्मार्कने जून १९९२ ला युरोपीय संघाच्या मास्ट्रिक्ट कराराला नकार दिला. तेव्हा सरकारने समान चलन, संरक्षण अशा चार बाबतींत सूट मिळवली आणि मे १९९३ ला बदललेला प्रस्ताव लोकांपुढे ठेवला, तो ५६.७ टक्क्यांनी मान्य झाला. त्यातली संरक्षणाची सूट सोडायची का, हे त्यांनी २०२२ मध्ये, तीस वर्षांनी, निराळं विचारलं. आयर्लंडमध्येही लिस्बन कराराचं असंच झालं, २००८ ला नाही आणि हमी मिळाल्यावर २००९ ला हो. मात्र मनाजोगतं उत्तर येईपर्यंत विचारत राहतात, अशी रुखरुख तिथल्या काहींच्या मनात राहिली. पुन्हा विचारणं चालतं, पण नकार देणाऱ्याचं काय म्हणणं होतं ते ऐकून, काहीतरी बदलून मग विचारलेलं लोकांना पचतं.

आता आपल्या गोव्याचं सांगतो, कारण हे तुला घरात फारसं कुणी सांगितलेलं नाही. १६ जानेवारी १९६७ ला इथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. कौल निर्मळ व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आधी पायउतार झालं होतं. मी फुलावर मत दिलं, आमच्या वाड्यावरच्या बहुतेकांनी दिलं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांनी आम्ही हरलो. फार वाईट वाटलं होतं, रेवा. मराठीवर जीव होता आणि आपलं सगळं गेलं असं वाटलं. पण दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, आणि ज्या लोकांनी विलीनीकरण नाकारलं त्याच लोकांनी विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेबांना पुन्हा निवडून दिलं. भाऊसाहेबांनी कौल मानला आणि १९७३ मध्ये जाईपर्यंत त्याच केंद्रशासित गोव्याचा कारभार केला. गावोगावी मराठी शाळा चालू राहिल्या, नव्या निघाल्या. पुढे १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली आणि ३० मे ला गोवा स्वतंत्र राज्य झालं, त्या काळात भाषेवरून कडू दिवस आले, ते मी लपवत नाही. तरी १९६७ चा प्रश्न पुन्हा उघडावा असं मला कधी वाटलं नाही, कारण हरल्यावरही या भूमीत आम्हाला मान होता, हातात काम होतं, मुलांना शाळा होती.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच राहून गेलं असं मला वाटतं. ५२ जणांनी ४८ जणांना सोबत घेतलं असतं, थोडं इकडे थोडं तिकडे करून दोघांना सोसवेल असं निघणं निवडलं असतं, तर आज तुझ्या विद्यापीठात कुणी सह्या गोळा करत बसलं नसतं. अलीकडच्या चाचण्यांत बाहेर पडणं चुकलं म्हणणारे निम्म्याहून अधिक दिसतात. पण म्हणून घाईघाईने सार्वमत घेतलं आणि आकडे नुसते उलटे झाले, तर उद्या दुसरे ४८ जण रस्त्यावर असतील आणि मग तिसऱ्यांदा विचारावं लागेल.

शिवाय परत जाणं म्हणजे पूर्वीच्या जागी जाऊन बसणं नव्हे. ब्रिटनला पूर्वी युरो घ्यावा लागत नव्हता, शेंगेन क्षेत्रात जावं लागत नव्हतं, वर्गणीत सूट होती, जी मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून मिळवली होती. आता नव्याने अर्ज करावा लागेल, प्रत्येक सभासद देशाची संमती लागेल आणि त्या सवलतींबद्दल पुन्हा बोलणी करावी लागतील. तेव्हा आधी बोलणी व्हावीत, अटी कागदावर याव्यात आणि मग लोकांना विचारावं. त्याला वर्षं लागली तरी लागू देत. तू बाविशीची आहेस, तुझ्याकडे वेळ भरपूर आहे, आणि वेळ असलेल्या माणसानेच घाई करावी याचं मला नेहमी नवल वाटतं.

मी अजून पहाटेच उठतो. रात्री पक्की वाटलेली गोष्ट पहाटे पुन्हा एकदा तपासून पाहायची, ही माझ्या आईने लावलेली सवय. तूही लावून घे, निदान परीक्षा नसेल तेव्हा तरी. आणि खर्चाची वही ठेवतेस ना? एक पौंड म्हणजे शंभराहून अधिक रुपये, हे विसरू नकोस. लोकांचा धीरही असाच जपून खर्च करायचा असतो. २०१६ नंतर कितीतरी घरांत जेवणाच्या टेबलावर बोलणं बंद झालं, तेवढा धीर लोकांकडे पुन्हा मागायचा असेल तर तेवढंच मोलाचं काही समोर ठेवायला हवं.

आणखी एक. आपल्याकडची कितीतरी मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला जाऊन राहिली. २०१६ मध्ये त्यांना त्या सार्वमतात मत नव्हतं, कारण ती युरोपीय नागरिक ठरली. तिथे राहणाऱ्या, भारतीय पासपोर्टवाल्या प्रौढ माणसांना मात्र राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मत होतं. ज्यांच्या पायाखालची जमीन हलणार होती त्यांनाच विचारलं गेलं नाही. तुला तिथे मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, ते आधी नोंदव, आणि पुढे कधी मत द्यायची वेळ आली तर या मुलांचाही विचार कर.

सही करायचीच असेल तर त्या कागदावर काय लिहिलंय ते पूर्ण वाच. परत जायचं ते कुठल्या अटींवर, किती मतांनी ठरलं की ते ठरलं म्हणायचं, आणि जे हरतील त्यांच्यासाठी काय ठेवलं जाईल, या तिन्ही प्रश्नांना उत्तर असेल तर खुशाल सही कर, माझा आशीर्वाद आहे. नसेल तर सही मागणाऱ्यांनाच ते प्रेमाने विचार. ती शहाणी मुलं आहेत, विचार करतील. आणि या सुट्टीत आगगाडीने वेकफिल्डला जाऊन ये, तुझ्यापासून जवळच आहे, तिथे शंभरातल्या सहासष्टांनी निघायचं म्हणून मत दिलं होतं. त्यांनी तसं का केलं, आज त्यांना काय वाटतं, हे ऐकून घे नि मला सगळं लिही. त्यांच्या सांगण्यात काही नवं निघालं तर माझं मत बदलायची माझी तयारी आहे.

तुझे
आबा