रूळ टाकणाऱ्यानेच रूळ पास करावा का?

खानदेशातल्या पहूरच्या माणसाला ‘पी.जे.’ म्हटलं की पाचोरा–जामनेरची नॅरोगेज आठवते. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता तो मार्ग ब्रॉडगेज व्हायचा आहे. रूळ, पूल, सिग्नल सगळं रेल्वेच उभारणार. पण नव्या मार्गावर प्रवासी गाडी सोडायची तर आधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते. आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, चक्क नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतात.

पूर्वी ही तपासणी करणारे निरीक्षक रेल्वे बोर्डाचेच होते. ज्याच्या चुका शोधायच्या, तोच साहेब. १९३५च्या भारत सरकार कायद्यात ही तपासणी वेगळी काढण्याची तरतूद होती, पण ती कागदावरच राहिली. १७ जुलै १९३७ला बिहारमध्ये बिहटाजवळ गाडी घसरून शंभराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर नेमलेल्या पॅसिफिक इंजिन समितीने १९३९मध्ये तोच मुद्दा पुन्हा मांडला, आणि मे १९४१मध्ये निरीक्षक टपाल व हवाई खात्याकडे गेले. विमानांशी सोयरीक जुळली ती तेव्हा.

खानदेशातून पुण्याच्या आयटीत गेलेल्या मुलामुलींना तपासणारा कोणाच्या हाताखाली असावा, हा प्रश्न रोज भेटतो. टेस्टिंगची टीम डेव्हलपमेंट मॅनेजरच्या हाताखाली, आणि त्याचं अप्रेझल रिलीजच्या तारखेवर. मग शुक्रवारी संध्याकाळच्या कॉलवर ‘क्रिटिकल’ बग ‘मेजर’ होतो, ‘मेजर’चा ‘नोन इश्यू’ होतो आणि साइन-ऑफ जातो. खोटं कोणीच बोलत नाही; फक्त नाही म्हणायची सोय नसते.

मग क्यूएचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, वेगळा विभागच करावा? उद्योगाने तेही करून पाहिलं आहे. कारखान्यांत शेवटी तपासनीस बसवायचे आणि खराब माल बाजूला काढायचा, ही जुनी रीत. १९२४मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर श्युहार्टने नियंत्रण आलेख मांडला आणि लक्ष मालावरून प्रक्रियेकडे वळलं. शेवटच्या तपासणीवर विसंबू नका, असं गुणवत्तेचे जाणकार डेमिंग पुढे आयुष्यभर सांगत राहिले. वेगळ्या विभागाचा तोटा सॉफ्टवेअरने चांगलाच भोगला: डेव्हलपर कोड भिंतीपलीकडे टाकून घरी जायचा आणि रात्री दोनला सर्व्हर पडला की तो सांभाळणारा ऑपरेशन्सवाला उठायचा. जो बांधेल त्यानेच चालवावं, हे ॲमेझॉनच्या वर्नर व्होगेल्सनी २००६मध्ये मांडलं. २००९मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात भरलेल्या परिषदेतून ‘डेव्हऑप्स’ हे नाव रुजलं. ऑपरेशन्सचं काम डेव्हलपरच्याच टीममध्ये आलं, टेस्टिंगही आलं. रात्रीचा फोन आपल्यालाच येणार म्हटल्यावर कोड जपून लिहिला जातो, हे मला पटतं.

पण याच लाटेत अनेक ठिकाणी नाही म्हणणारा माणूसही विरघळून गेला. रेल्वेत तसं झालेलं नाही. रोज रूळ पायी तपासणारा कीमन रेल्वेचाच नोकर असतो, आणि रुळाला तडा दिसला तर तो लाल झेंडी दाखवून गाडी थांबवतो. बाहेर ठेवली आहे ती नव्या मार्गाची मंजुरी आणि मोठ्या अपघाताची चौकशी. २२ जानेवारी २०२५ला पाचोऱ्याजवळ परधाडे इथे पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्सप्रेसने उडवलं, तेव्हाही चौकशी सुरक्षा आयुक्तांकडेच गेली.

रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी अशीच रेघ ओढली आहे. नोव्हेंबर २०२३च्या निर्देशांनुसार बँकेचा माहिती-सुरक्षा प्रमुख आयटी प्रमुखाच्या हाताखाली नसावा आणि त्याला धंद्याचं टार्गेटही देऊ नये. माझ्या मते या दोन अटींतली दुसरी जास्त मोलाची आहे, कारण टार्गेट आलं की वेगळ्या केबिनचा काही उपयोग उरत नाही.

जळगावातल्या बारा माणसांच्या कंपनीला वेगळा विभाग परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. तिथे टेस्टरने टीममध्येच बसावं, रात्रीचे फोन सगळ्यांनी वाटून घ्यावेत. फक्त टेस्टरचं अप्रेझल रिलीज मॅनेजरने नव्हे, मालकाने लिहावं. आणि त्याने रिलीज अडवलं तर ते सोडण्याची सही मालकानेच स्वतःच्या नावाने करावी.