बारा, बत्तीस, चव्वेचाळीस

वही उघडी राहू दे, पेन मात्र खाली ठेवा. गणित साधं आहे. १२ ग्रॅम कार्बन पुरेशा ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळाला, तर कार्बन डायऑक्साइड किती मिळेल? ४४ ग्रॅम. अकरावीतली मुलं हे अर्ध्या मिनिटात सोडवतात आणि पुढच्या गणिताला लागतात. आपण आज इथंच थांबू.

ते १२ ग्रॅम आधी नीट पाहा. लोणारी कोळशाचा एक तुकडा, मुठीत सहज मावणारा. हाताला काळं लागतंय. दुसऱ्या तुकड्यावर आपटला तर किणकिण वाजतो. खऱ्या कोळशात राखेचा अंश असतो, ओलही असते. तेवढं सोडून देऊ आणि निव्वळ कार्बन धरू. त्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके अणू आहेत. ही संख्या मनात मावत नाही, मावली नाही तरी चालेल. एवढंच धरून ठेवा की कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचा एक रेणू हवा. त्या रेणूत अणू दोन, सोळा आणि सोळा, म्हणून ३२.

आता तो तुकडा पेटू द्या. घाई करू नका. लाल होतो, कडेकडेनं झिजतो, लहान होत होत दिसेनासा होतो. पाहणाऱ्याला वाटतं, संपला. पण भांडं बंद असेल तर तराजूचा काटा तसूभरही हललेला नसतो. जे तयार झालं ते मूळ कोळशाच्या साडेतीन पटींहून जड आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे, आणि वर्गात तिच्याजवळ फारसं कुणी थांबत नाही याचं मला वाईट वाटतं. शून्य अंश सेल्सिअसला, एक वातावरण दाबाला ३२ ग्रॅम ऑक्सिजन सुमारे २२.४ लिटर जागा व्यापतो, म्हणजे पाण्याच्या वीस लिटरच्या जारपेक्षा थोडी जास्त. कोळसा जळून वायू पुन्हा तितकाच थंड झाला की कार्बन डायऑक्साइडही जवळपास २२.४ लिटरच भरतो. अख्खा तुकडा आत गेला, पण वायूनं वेगळी जागा मागितली नाही. रेणू जितके होते तितकेच राहिले. प्रत्येक जण एकेक कार्बन घेऊन जड झाला. हे दृश्य मनात ठरेपर्यंत पुढं जाऊ नका.

आणि हिरा? तोही कार्बनच. १७७२ साली पॅरिसमध्ये लव्हाझिएनं मोठ्या भिंगानं सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला. १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये स्मिथसन टेनंटनं हिरा सोऱ्याबरोबर सोन्याच्या नळीत तापवला आणि दाखवून दिलं की तेवढ्याच वजनाच्या कोळशातून जितका कार्बन डायऑक्साइड निघतो तितकाच हिऱ्यातूनही निघतो. कोहिनूर आज १०५.६ कॅरेटचा आहे, म्हणजे २१.१२ ग्रॅम. गणिताला त्याचं मोल ठाऊक नाही: ७७.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

आता ऑक्सिजन निम्मा करा. कार्बन १२ ग्रॅमच, ऑक्सिजन १६. पुस्तकाचं उत्तर असं: ऑक्सिजन लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा, म्हणून २२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आणि ६ ग्रॅम कार्बन शिल्लक. बरोबर. पण त्याच १२ आणि १६ मधून २८ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडही होऊ शकतो, काहीही शिल्लक न राहता. दोन्हीकडे बेरीज २८. वजनं जुळली एवढ्यावरून आत काय घडलं ते कळत नाही. कोणता वायू झाला हे आधी विचारावं लागतं.

धगधगत्या शेगडीजवळ हे दिसतं. निखाऱ्यांच्या आत ऑक्सिजन अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो वर येऊन मोकळ्या हवेत उरलेला ऑक्सिजन घेतो. निखाऱ्यांवर थरथरणारी निळसर ज्योत त्याचीच. एक मोल, म्हणजे आपला तोच १२ ग्रॅम, कार्बन पूर्ण जळला की सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. मोनॉक्साइडपाशीच थांबला तर जेमतेम ११०. ऑक्सिजन निम्मा लागला, पण ऊब पाव हिश्श्याच्या थोडीच वर. आणि थंडीत दारंखिडक्या लावून शेगडी आत घेतली, तर तोच वायू खोलीत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. शेगडी पेटवायची तर खिडकी उघडी हवीच.

शेवटचं एक गणित सावकाश करा. कार्बन १२ ग्रॅम, ऑक्सिजन २४, आणि दोन्ही पूर्ण वापरले गेले. बारा कार्बनला मोनॉक्साइड होण्यापुरते १६ ग्रॅम आधी द्या. ८ उरले. तेवढ्यात निम्माच मोनॉक्साइड पुढं जळतो. म्हणजे १४ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड तसाच राहिला, आणि उरलेल्या १४ मध्ये ८ मिळून २२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड झाला. चौदा आणि बावीस, छत्तीस.