कात आणि हात

वर्तमानपत्रवाल्यांनी सापाचा जेवढा छळ केला आहे, तेवढा गारुड्यांनीही केला नसेल. दर आठवड्याला कुणी ना कुणी 'कात टाकतं'. एस. टी. स्टँड कात टाकतं, नगरपालिका कात टाकते, निवडणुका जवळ आल्या की अख्खा पक्ष कात टाकतो. प्रत्यक्ष जाऊन पाहावं, तर जुन्या भिंतीला नवा चुना लावलेला असतो. म्हणजे आहे त्या कातीवर आणखी एक कात चढवलेली! मी कात टाकणं जवळून पाहिलं आहे, आणि माझ्या दुर्दैवानं त्यात हातही घातला आहे. त्यामुळे हा शब्द वाचला की माझ्या उजव्या हाताचा अंगठा अजून ठणकतो.

माझं गाव धर्मापुरी. बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या बाजूला. गावात केदारेश्वराचं चालुक्यांच्या काळातलं देऊळ आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर दगडी सुंदऱ्या शेकडो वर्षं ऊन खात उभ्या आहेत. गावाच्या नावातच धर्म असल्यामुळे आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाचा शेवट 'हे धर्माला धरून आहे का?' इथं होतो. बैल विकण्यापासून जावयाला पुन्हा वाढण्यापर्यंत. त्यामुळे सापाची कात हाही आमच्या घरी एकदा धर्माचा प्रश्न झाला, यात नवल नाही.

आमचं घर माळवदाचं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत बळद होतं. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, बळद म्हणजे भिंतीच्या पोटात धान्य साठवायची जागा. त्या बळदाच्या आसऱ्यानं एक धामण राहत असे. तिला पाळलेली म्हणावं, तर गळ्यात पट्टा नाही, नाव नाही, बोलावलं तर येत नाही. पण आजी म्हणे, "आपण कुठं तिला पाळलंय? तिनंच आपल्याला पाळलंय." धान्यावर उंदीर आणि उंदरांवर धामण, असा तिघांचा साधा हिशेब होता. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं गावात सांगत. गाईचं दूध कमी झालं की आबा धामणीकडे संशयानं बघत आणि आजी धार काढणाऱ्या आबांकडे. साप दूध पीत नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीनं ते न वाचताच ओळखलं होतं.

मग १९७२चा पावसाळा कोरडा गेला आणि १९७३चा उन्हाळा आला. मराठवाड्यात त्या वर्षाबद्दल जास्त सांगावं लागत नाही. मिलोची लाल भाकरी, पोरांना सुकडी आणि मोठ्यांना खडी फोडायचं काम. बळद रिकामं झालं. धान्य नाही म्हणून उंदीर नाहीत, उंदीर नाहीत म्हणून धामण वाळून चालली. दुष्काळग्रस्तांच्या सरकारी यादीत तिचं नाव नव्हतं, एवढाच तिच्यात आणि आमच्यात फरक.

त्या चैत्रात तिचं अंग राखेसारखं मळकट झालं आणि डोळ्यांवर निळसर दुधाळ पडदा आला. आबा म्हणाले, "आंधळी झाली." वास्तविक ही कात टाकायची तयारी असते. जुन्या कातडीखाली नवी तयार होते, दोहोंच्या मध्ये पातळ द्रव सुटतो, आणि डोळ्यावरचं पारदर्शक खवलं तेवढ्यापुरतं गढूळ दिसतं. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावरचं ते खवलंही कातीबरोबरच निघतं. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो खात नाही, कोपरा धरून बसतो आणि कुणी जवळ गेलं तर अंगावर येतो. (घरात दहावी-बारावीचं पोर असलेल्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल.) मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणखी काही दिवस जातात, आणि एक दिवस साप खरबरीत जागी तोंड घासतो. ओठापाशी कात सुटते आणि पायमोजा उलटा काढावा तशी तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड निघते. धडधाकट सापाला यात कुणाची मदत लागत नाही.

पण आमची धामण धडधाकट नव्हती. अंगात पाणी नाही, हवेत ओल नाही, पोटात अन्न नाही. कात सुटली ती तुकड्यातुकड्यांनी. डोक्यावर एक धांदोटी, पाठीवर चार चिंध्या, आणि शेपटीच्या टोकाला आंगठीसारखं घट्ट कडं.

आई दिवसभर खडी फोडून आली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. पाय धुवायला प्रत्येकाला एक तांब्या पाणी ठरलेलं. आईनं आपला तांब्या उचलला, गोणपाटाच्या तुकड्यावर ओतला, ते ओलं गोणपाट बळदाच्या तोंडाशी सावलीत टाकलं आणि शेजारी फुटक्या जात्याची तळी ठेवली. नुकतीच टाकी लावून घेतलेली, चांगली खरबरीत.

ओसरीवर धर्मसभा भरली. आबा म्हणाले, "माणसाला प्यायला पाणी नाही अन् सापाला आंघोळ? हा कुठला धर्म?"

आबांचं काही चुकत नव्हतं, हे आज कबूल करायला हवं. शेजारच्या घरात तान्हं मूल होतं, आणि एका तांब्याची किंमत त्या घरानं वेगळी लावली असती. आई एवढंच म्हणाली, "घरच्या पाण्यातलं नाही दिलं. माझ्या पायाचं दिलं." आणि तशाच धुळीच्या पायांनी चुलीपाशी बसली. या उत्तरावर आबांना काही सुचलं नाही. मलाही पन्नास वर्षांत सुचलेलं नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून दान करणारे मी पुढे पुष्कळ पाहिले. आपल्या पायांची धूळ तशीच ठेवून दान करणारं माणूस घरातच पाहून झालं होतं, म्हणून फारसा प्रभावित झालो नाही.

मी विचारलं, "आई, आपणच ओढून काढू का तिची कात?"

"अजिबात नाही. बाळंतिणीच्या खोलीत काय ठेवतात? अंधार, पाणी अन् ऊब. अन् तुझ्यासारख्याला बाहेर ठेवतात."

असं तीन दिवस चाललं. रोज एक तांब्या, रोज धुळीचे पाय. डोक्यावरची धांदोटी निघाली, पाठीवरच्या दोन चिंध्या निघाल्या. शेपटीचं कडं मात्र हलेना. चौथ्या दिवशी आई कामावर गेल्यावर माझ्या मनात करुणा दाटून आली. वयाच्या दहाव्या वर्षी करुणा दाटून आली की माणूस फार धोकादायक असतो. पुढेही असतोच, पण तेव्हा त्याच्याकडे अधिकार नसतात. मी गोणपाटाखालून शेपटी धरली आणि कोरडं कडं नखानं ओढलं. कडं थोडं सरकलं, त्याच्याबरोबर खालची कोवळी कातडीही निघाली आणि रक्ताचा थेंब आला. पुढच्याच क्षणी धामणीनं वळून माझा अंगठा पकडला.

धामण बिनविषारी असते, हे गावात निम्म्यांना ठाऊक होतं. पण साप चावलेल्या पोराला मारुतीच्या देवळात न्यायला पूर्ण गाव लागतं. मला पारावर निजवलं, कडुनिंबाचा पाला खायला घातला आणि 'कडू लागतो का?' असं अकरा जणांनी विचारलं. संध्याकाळपर्यंत मी विषानं नाही, पण पाल्यानं अर्धमेला झालो. आई आली, अंगठा पाहिला, हळद दाबली आणि म्हणाली, "लेकरा, तुला तिची कात काढायची नव्हती. 'मी काढली' असं सांगायचं होतं."

धामण आठ दिवस दिसली नाही. नंतर दिसली तेव्हा अंगानं चकचकीत होती, पण शेपटीचं टोक बोटभर गेलेलं होतं.

त्या बोटभर शेपटीचं ओझं घेऊन मी नोकरीला पुण्याला आलो. याच पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते, आणि पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं होतं. तिथं एका रविवारी मी एका कर्मचाऱ्याला गाठून माझा गुन्हा कबूल केला. तो हसला नाही. म्हणाला, "शेपटीचं कडं राहू देऊन चालत नाही. रक्त पोचत नाही, टोक वाळून गळतं. तुम्ही हात लावला नसता तरी कदाचित गेलं असतं." माझ्या छातीवरचा दगड उतरत होता, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण कोरडं ओढायचं नसतं. आधी कोमट पाण्यात भिजू द्यायचं. मग ओलं फडकं हातात सैल धरायचं आणि त्यातून सापाला जाऊ द्यायचं. धरायचं आपण, ओढायचं त्यानं. आणि डोळ्यावरचं खवलं राहिलं, तर नखानं हात लावायचा नाही. पुढच्या कातीबरोबर निघतं बहुतेक. नाहीच निघालं तर डॉक्टर."

(हे वाचून कुणी फडकं घेऊन सापामागे धावू नये. १९७२च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचे साप घरात पाळणं गुन्हा आहे. साप अडचणीत दिसला तर वनखात्याचा १९२६ हा फोन आहे. कायदा झाला त्या वर्षी तो धर्मापुरीपर्यंत पोचला नव्हता, ही आमची सबब. तुम्हाला ती नाही.)

हे ज्ञान मी नीट पाठ केलं आणि वेळ आली तेव्हा साफ विसरलो. २००६ साली अण्णा गेले. तेरावा झाला, चौदाव्या दिवशी आम्ही भावांनी ठरवलं की आईनं पुण्याला यायचं. घर बंद करायचं, गाय विकायची, अण्णांचे कपडे वाटून टाकायचे. सगळं आठवड्यात. आई कोपरा धरून बसलेली. जेवत नव्हती, डोळ्यांवर तसाच दुधाळ पडदा. मी ट्रंक ओढली आणि अण्णांची धोतरं बाहेर काढायला लागलो. मला करुणाच दाटून आली होती. आईनं ओरडावं, तर ती काही बोलली नाही. फक्त माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

मी ट्रंक बंद केली. रजा महिनाभर वाढवून घेतली आणि काहीही केलं नाही. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. सकाळी पाणी भरायचं, तिच्याशेजारी बसायचं, चहा करायचा आणि 'मग काय ठरलं?' हे न विचारता तो प्यायचा. तिसऱ्या आठवड्यात तिनं आपण होऊन एक धोतर शेजारच्यांना दिलं. मग दुसरं. गाय कुणाला द्यायची ते तिनंच ठरवलं. महिन्याच्या शेवटी म्हणाली, "चल. पण दिवाळीपर्यंतच हं." ती पुढची नऊ वर्षं दिवाळीपर्यंतच राहिली. अण्णांचा चष्मा मात्र तिनं शेवटपर्यंत उशाशी ठेवला. त्याला मी हात लावला नाही.

मदत करावी की करू नये, हा प्रश्न मला आता फारसा अवघड वाटत नाही. अवघड आहे ते समोर काय अडकलं आहे, हे ओळखणं. शेपटीचं कडं असेल, तर स्वस्थ बसणं हा दुष्टपणा. डोळ्यावरचं खवलं असेल, तर हात लावणं हा दुष्टपणा. माणसाच्या बाबतीत ही दोन्ही बाहेरून अगदी सारखी दिसतात. आईला हे कसं कळत असे, ते मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "कळत कुठं? पण आधी ओलं करून बघावं. ओलं केल्यानं कुणाचं वाईट होत नाही."

आता मी साठी ओलांडली आहे. परवा मुलगा आला आणि माझं कपाट उघडून म्हणाला, "बाबा, हे सफारी, ही जुनी कागदपत्रं, सगळं काढून टाकू. जरा कात टाका आता!" आणि त्यानं एक बाही धरून ओढलीसुद्धा.

मी म्हटलं, "थांब. आधी पाणी आण."

तो स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिजमधली थंडगार बाटली घेऊन आला. कोमट हवं असतं, हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण बाटली त्यानं आपण होऊन आणली होती. मी मुकाट्यानं प्यालो.